स्टार्टरच्या डब्यावरचं नाव

भंडारा

चि. छोटी हीस,


तुमसरच्या मोटर रिवाइंडिंगवाल्या भाऊंसाठी केलेले तिन्ही लोगो पाहिले. हात चांगला आहे तुझा. पण तिन्हींत दातेरी चक्र आणि त्यातून कडाडणारी वीज! भंडाऱ्याहून साकोलीला जाताना रस्त्यावरच्या पाट्या बघत जा. वेल्डिंगवाला, बोअरवाला, राइस मिलचे पार्ट बनवणारा, सगळ्यांकडे तेच चक्र. धंदा कोणता हे त्यावरून कळतं, कोणाचा ते कळत नाही. गिऱ्हाईक मात्र नावावर येतं.

भाऊंचं नाव खरं कामी कुठं येतं, ते आधी शोध. दुरुस्त केलेली सबमर्सिबल बोअरमध्ये उतरते. तिच्यावरचा स्टिकर वाचणार कोण? तो लागतो स्टार्टरच्या डब्यावर. उन्हाळी धानाला पाणी चालू असताना रात्री मोटर जळते, तेव्हा शेतकरी मोबाइलच्या उजेडात त्याच डब्यावर नाव नि नंबर शोधतो. वर्षभराच्या उन्हानं लाल-पिवळा रंग उडालेला, वर ग्रीसचा हात लागलेला. तिथं जे वाचता येईल, तोच भाऊंचा लोगो. दुकानाच्या फ्लेक्सवर तर काहीही शोभतं.

म्हणून सुरुवात एका इंचापासून कर, तीही फक्त काळ्या रंगात. बिलबुक नि रबरी शिक्काही त्यातच निभतात. देवनागरी लहान झाली की आधी भ, ष, क्ष यांच्या पोकळ्या बुजतात, मग अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. आपलं गाव पितळेच्या भांड्यांचं आहे. आहेराच्या गुंडावर नाव घालणाऱ्याजवळ थोडा वेळ उभी राहा. टिंबाटिंबानं उठवलेलं अक्षर किती मोकळं ठेवावं लागतं, ते तिथं दिसेल.

इंग्रजी लोगो करून खाली मराठी चिकटवू नकोस. २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या छोट्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. मग मराठीच आधी नीट काढ.

भाऊ म्हणतील, "आयएसआयसारखं काही टाक ना, भरवसा वाटतो." साफ नाही म्हण. परवान्याशिवाय ते चिन्ह वापरणं गुन्हा आहे. ट्रेडमार्कच्या नोंदणीआधी वर्तुळातला आर लावणंही तसंच. नोंदणी जरूर करायला सांग. उद्यम प्रमाणपत्र असेल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये लागतात, नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. दुरुस्तीचं काम ३७व्या वर्गात येतं. उद्या स्वतःच्या नावानं पंप विकले तर ७वा.

कोरलची फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून दे, नाहीतर फॉन्ट नसलेल्या छपाईवाल्याकडे नावाचं भलतंच काही होईल. लोगोचा कॉपीराइट भाऊंना लेखी दे आणि किती वर्षांसाठी तेही लिही. मुदत लिहिली नाही तर कायद्यानं ती पाचच वर्षं धरतात. मग भाऊंना स्वतःच्याच निशाणीसाठी तुला विचारावं लागेल.

आता ते तिन्ही लोगो बाजूला ठेव. भाऊंच्या चार गिऱ्हाइकांच्या शेतावर जा नि डब्यांचे फोटो काढून आण. आणि हो, निम्मे पैसे आधी घे. ओळखीतलं काम असलं म्हणजे तर नक्कीच.

तुझा,
मामा