परवान्यावरचं नाव

वाई

चि. मनू,


फार्मसी कौन्सिलकडून तुझा नोंदणी क्रमांक आल्याचं दादाने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट कळली. तुमच्या भागातला एक मेडिकलवाला तुझं सर्टिफिकेट 'लावायला' मागतोय. दुकानात पाऊल टाकायचं नाही, पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा, आणि तू खुशाल पुढचं शिकत बसायचं. दादाला त्यात वावगं वाटत नाही, कारण बरेच जण तसं करतात. म्हणून हे पत्र.

मनू, हे करू नकोस. फीची अडचण असेल तर मला सांग, आपण वाट काढू. 1948 च्या फार्मसी कायद्याचं 42 वं कलम तू परीक्षेसाठी पाठ केलंस. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जावं, असं औषध नियमावलीही सांगते. तू दुसऱ्या गावात असताना देखरेख कसली करणार? 2012 च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते, तेव्हा फार्मासिस्ट जागेवर आहे का हे दुकानोदुकानी तपासलं गेलं. आमच्या व्यवसायात केवढा गहजब झाला! मला तेव्हाही तपासणी रास्त वाटली आणि आजही वाटते.

कारण काउंटरवर काय घडतं ते मी रोज बघते. गेल्या पावसाळ्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. संधिवाताची जुनी चिठ्ठी, हातात दोन स्ट्रिपा. एक फॉलिक अॅसिडची, दुसरी मेथोट्रेक्सेटची. दोन्ही गोळ्या पिवळ्या, बारक्या. मी सवयीने विचारलं, "ही कधी घेता?" त्या म्हणाल्या, "रोज सकाळी, चहानंतर." चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा, बुधवारी. आधीच्या दुकानातल्या पोऱ्याने मात्र स्ट्रिपवर पेनाने 'रोज 1' लिहून दिलं होतं. मी त्यांना तोंड उघडून दाखवायला सांगितलं. आत फोड आलेले. त्या समजत होत्या की उष्णता झालीय. आठवड्याची गोळी रोज गेली तर आधी तोंड येतं आणि मग रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस जिवाला मुकू शकतो. तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि बाईंना रिक्षाने दवाखान्यात पाठवलं. त्या दुसऱ्या दुकानाच्या भिंतीवरही कुणा फार्मासिस्टचं सर्टिफिकेट असणारच.

म्हणून औषध हातात देताना विचारायचं. "कशासाठी घेता, कधी घेता, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" गर्दी असली तरी विचारायचं. इन्सुलिनच्या वेळी तर दोनदा. आपल्याकडे बाटली बहुधा मिलीलीटरला 40 युनिटची आणि पेनमधली काडतुसं 100 युनिटची. कुणी काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या 40 च्या सिरिंजने ओढलं, तर अडीच पट डोस जातो. सिरिंज मागणाऱ्याला बाटली दाखवायला सांगायची, मगच सिरिंज द्यायची.

नाही म्हणायलाही शीक. नायट्यासाठी लोक 'ते गोरं करणारं मलम' मागतात. त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा पसरतो आणि कातडी पातळ पडते. 2018 मध्ये अशी मलमं शेड्यूल एचमध्ये घातली गेली, तरी ती बिनचिठ्ठीची विकली जातात. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, मालकही कुरकुरेल. जाऊ दे. अँटिबायोटिकचंही तेच. अशा औषधांसाठी शेड्यूल एच-1 चं वेगळं रजिस्टर 1 मार्च 2014 पासून लागू आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग ज्याच्या त्या वेळी लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. महिनाअखेरीस एका बैठकीत पानं भरणारे मी पाहिलेत. ती खोटी नोंद आहे, आणि तिच्याखाली सही फार्मासिस्टची असते.

चिठ्ठीवरचा ब्रँड नसेल तर परस्पर दुसरा देऊ नकोस, डॉक्टरांना फोन कर. औषध दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकायला विसरू नकोस. स्ट्रिप कापताना बॅच आणि मुदत छापलेलं टोक शेवटपर्यंत शिल्लक राहील अशी काप. डॉक्टरला कमिशन द्यायचं नाही आणि कुणाकडून घ्यायचंही नाही. यावर मी जास्त लिहीत नाही, तुला कळतं.

खरेदीबद्दल मात्र लिहायलाच हवं. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने त्यामागचा सगळा कारभार उघड केला. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याचं सिरप पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत नागपूरच्या रुग्णालयांत आली, तेव्हा पुन्हा तेच विष निघालं. मधे जवळपास चाळीस वर्षं गेली. वाचून हात थरथरले माझे. बाटलीतलं विष आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. आपल्या हातात एवढंच असतं, की परवानाधारक घाऊक व्यापाऱ्याकडून पक्क्या बिलावर माल घ्यायचा आणि बॅच नंबर बिलाशी ताडून बघायचा. बॅच परत मागवल्याचं पत्रक आलं, की बिलं नीट ठेवणारा दहा मिनिटांत माल फळीवरून खाली काढतो आणि तो कुणाला गेला तेही सांगू शकतो. 'बिलाशिवाय दोन टक्के जास्त सुटतील' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

आणखी एक. गावात औषधाच्या दुकानात सगळे कान देऊन उभे असतात. एखादी मुलगी गर्भचाचणीचं किट मागायला येते, मागे शेजारचे काका असतात. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत ओळख, काउंटरच्या टोकाला बोलाव, कागदाच्या पाकिटात घालून दे. औषधाचं नाव मोठ्याने ओरडून पोऱ्याला सांगायचं नाही. चेहऱ्यावर आश्चर्य तर अजिबात नको. क्षयरोगाच्या रुग्णांची माहिती सरकारला कळवणं 2018 पासून आपल्यावर बंधनकारक आहे. ती वेळेवर कळव आणि तिथेच थांब. सासूने, सरपंचाने, अगदी दादाने विचारलं, तरी "त्यांनाच विचारा" एवढंच म्हण.

दिवाळीनंतर आठ दिवस इकडे ये. एप्रन आण, त्यावर तुझ्या नावाचा आणि नोंदणी क्रमांकाचा बिल्ला लाव, आणि माझ्याशेजारी काउंटरवर उभी राहा. सकाळी नऊ ते अकरा गर्दी असते, त्याच वेळेला यायचं.

तुझी,
आत्या