पहिला दगड कोणाच्या हातात?
(उपवासकाळातील अभ्यास : सहावी आज्ञा)



उपवासकाळ आला की आपल्या सातपुड्यात होळीचेही वेध लागतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगाव, मोलगी येथे भोंगऱ्याचा बाजार भरतो. ढोल वाजतात. डोंगरातली माणसे नवे कपडे, चांदीचे दागिने घालून उतरतात. होळीसाठी गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगन घेतात. आणि त्याच दिवशी बाहेरून काही पाहुणेही येतात, कॅमेरा आणि मोबाईल घेऊन. ते परत जाऊन काय सांगतात? "तिथे मुलगा मुलीला गुलाल लावतो आणि दोघे पळून जातात. त्या लोकांत सगळे मोकळेच असते."

आपल्यापैकी बहुतेकांनी हे बोलणे कधी ना कधी ऐकले आहे. म्हणून या रविवारी आपण विचार करू या : स्वैर वागण्याचा दोष समाज कोणावर ठेवतो आणि प्रभू येशू त्याकडे कसे पाहतो?

१. भोंगऱ्या आणि बाहेरची नजर

भोंगऱ्या हा मुळात होळीचा बाजार आहे. तो लग्नाचा बाजार नाही. मध्य प्रदेशात झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडे त्यालाच भगोरिया म्हणतात. त्याला 'प्रणयाचा सण' म्हणू नका, असे आदिवासी संघटनांनी अनेकदा सांगितले आहे. तरुण मुले-मुली तिथे भेटतात, हे खरे. पण कोणत्या जत्रेत भेटत नाहीत? दोघांनी एकमेकांना पसंत केले तरी पुढे पंच बसतात, दोन्ही घरची माणसे बोलतात, देज ठरते.

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी पाहा. नवस केलेले पुरुष होळीआधी काही दिवस पालनी पाळतात. जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात. मोरपिसांचे टोप आणि कमरेचे घुंगरू सर्वांना दिसतात, त्यांचे फोटो निघतात. त्यामागचा संयम कोणी विचारत नाही. ज्या लोकांना जग 'मोकळे' म्हणते, तेच लोक सणाआधी स्वतःला आवर घालतात. उपवासकाळात आपण ख्रिस्ती लोक तरी दुसरे काय करतो?

आपल्या समाजात सगळे चांगलेच आहे, असे आम्ही म्हणत नाही. दारू आहे, फसवणूक आहे, लहान वयात मुलींची लग्ने होतात. पण एखाद्याचे पाप दाखवणे वेगळे आणि एका अख्ख्या समाजावर शिक्का मारणे वेगळे.

२. दोष कोणाच्या माथी?

आपल्या शेजारच्या सुरतकडची गोष्ट. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात बाळाला मारल्याचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून स्त्रियांच्या नीतीवर टीकेची झोड उठली. त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

त्याआधीच, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. फसलेल्या विधवेने यावे, सुखरूप बाळंत व्हावे, अशी ती सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला.

पुढे १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणाऱ्या माणसाचे हे नाटक. त्यावर बंदी आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. नाटक कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण एक प्रश्न उरतो : नाटकावर जेवढा राग निघाला, तेवढा बायको टाकणाऱ्या नवऱ्यांवर कधी निघाला का?

३. प्रभू येशू काय करतो?

योहानकृत शुभवर्तमानाचा आठवा अध्याय उघडा (८:१-११). व्यभिचारात धरलेल्या एका स्त्रीला शास्त्री आणि परुशी मंदिरात आणतात. मोशेचे नियमशास्त्र तर दोघांनाही, पुरुषाला आणि स्त्रीलाही, शिक्षा सांगते (लेवीय २०:१०). मग तो पुरुष कुठे आहे? त्याला कोणी धरून आणलेले नाही.

प्रभू खाली वाकतो, जमिनीवर लिहितो. मग निष्पाप माणसाने पहिला दगड मारावा असे सांगतो. वडीलधारे आधी निघून जातात, त्यांच्यामागून बाकीचे. शेवटी तो त्या स्त्रीला दोषी ठरवत नाही. पण पुन्हा पाप करू नकोस, असेही सांगतो. ही दोन्ही वाक्ये एकत्रच वाचायला हवीत. पहिले सोडले तर आपण दगड उचलतो. दुसरे सोडले तर पापाला पाप म्हणायचे विसरतो.

४. ख्रिस्तसभेची शिकवण

शुद्धतेचे पाचारण बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला आहे. पुरुषाला एक नियम आणि स्त्रीला दुसरा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. विवाहाबाहेरचा संबंध पाप आहे. वेश्याव्यवसायाबद्दल बोलताना धर्मशिक्षण ग्रंथ पैसे देणाऱ्याचेही पाप गंभीर असल्याचे सांगतो. गरिबी, धमकी किंवा समाजाचा दबाव यांमुळे अडकलेल्या व्यक्तीचा दोष कमी होऊ शकतो, हेही तो मान्य करतो (परिच्छेद २३५५). आणि दुसऱ्याचे नाव विनाकारण खराब करणे हे आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे.

५. आपल्या अंगणात

दिवाळीनंतर आपली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. काही वर्षांपूर्वी एका पाड्यावरची एकोणीस-वीस वर्षांची मुलगी तिथून गरोदर होऊन परतली. लग्नाचे वचन देणारा मुलगा जवळच्याच गावचा होता. त्याला कोणी काही विचारले नाही. मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात चर्चा झाली ती फक्त तिचीच. त्या बोलणाऱ्यांत आम्हीही होतो, हे इथे कबूल करतो. मुलगी मिस्सेला यायची बंद झाली. शेवटी एक सिस्टर आणि पाड्यावरची एक म्हातारी आजी तिच्या घरी गेल्या. त्यांनी काही विचारले नाही, फक्त तिच्याबरोबर भाकरी खाल्ली. पुढच्या रविवारी ती आजीच्या शेजारी येऊन बसली. बाळाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आमची मान खाली होती.

एक गोष्ट पालकांनी आणि पंचांनी लक्षात ठेवावी. मुलगी अठरा वर्षांच्या आतील असेल तर कायद्यापुढे तिच्या संमतीला अर्थ नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली तो गुन्हा आहे. पंच बसवून, दंड घेऊन किंवा लग्न लावून तो मिटवता येत नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या घरात मुलीला आणि मुलाला शुद्धतेची शिकवण सारखीच दिली जाते का?
२. भोंगऱ्यात न विचारता काढलेले मुलींचे फोटो आपण मोबाईलवर पुढे पाठवतो का?
३. लाजेने मिस्सेला न येणारे कोणी आपल्या पाड्यावर आहे का? त्यांच्या घरी कोण जाईल? कधी?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या हातातला दगड खाली ठेवायला आम्हांला शिकव. आमच्या तरुण मुला-मुलींना शुद्ध ठेव. जे पडले आहेत त्यांना उठव, आणि त्यांना उठवायला आम्हांला पाठव. आमेन.