मुद्रा आणि मुखमुद्रा

आषाढवारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी या गावांवरून इंदापुरास जाते, त्या वेळी वाटेच्या कडेस एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. हाती पितळी ठसा व ओल्या गंधाची वाटी घेतलेली मुले येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांच्या कपाळी मुद्रा उमटवीत असतात. ठसा एक आणि कपाळे हजारो. आपल्या भाषेने त्या ठशास मुद्रा म्हटले, आणि ज्या चेहऱ्यावर तो उमटतो त्यासही मुखमुद्राच म्हटले. या दोन मुद्रांची गाठ गेल्या वर्षी आमच्या नववीच्या चित्रकलेच्या वर्गात कशी पडली, ती हकीगत सांगावी व सांगता सांगता ठसाचित्र कसे करावे याचा पाठही द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे. हकीगत ज्या मुलीची आहे तिची व तिच्या घरच्यांची संमती आम्ही घेतली आहे. नाव मात्र देत नाही.

पहिल्या तासास आम्ही मुलांस एवढेच सांगितले, की एका सुंदर स्त्रीचा चेहरा काढा. तास संपताना जे चाळीसेक कागद जमा झाले, ते टेबलावर मांडून पाहिले तो काय, एकच बाई चाळीस वेळा काढलेली! लांबट डोळे, चाफेकळी नाक, इवलीशी जिवणी, मोकळे सोडलेले केस आणि कोरे करकरीत गाल. एलिमेंटरी परीक्षेस बसलेल्या मुलांनी ती बरी काढली होती, इतरांनी वेडीवाकडी; परंतु बाई तीच. "तुमच्यापैकी कोणाची आई अशी दिसते?" असे आम्ही विचारताच वर्गात हशा पिकला. मागल्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, आईचा चेहरा काढा असं कुठं सांगितलं होतं?" त्यावर पुन्हा हशा झाला. तथापि त्या उत्तराने आम्हांस रात्री बराच वेळ झोप आली नाही.

ही बाई मुलांच्या डोळ्यांत आली कोठून? तिचा माग काढू गेल्यास तो फार दूर जात नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात येऊन पोहोचतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला आणि थोड्याच वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला. पुढे तो फ्रिट्झ श्लाइशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. शिळाछापात चित्रास जितके रंग, तितक्या निरनिराळ्या शिळा तयार कराव्या लागतात; एकाच कागदावर एकामागून एक शिळेचा छाप नेमका बसवीत जावे, तेव्हा कोठे लक्ष्मीचे मुख पुरे होते. असे लाखो कागद तेथून निघाले आणि ज्या घरांत तोवर एकही चित्र नव्हते, त्या घरांच्या भिंतींवर चढले. त्या कारागिरीविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु छापखान्याचा गुण तोच त्याचा दोष असतो, की तो एकच मुख सर्वांस वाटतो. त्या लक्ष्मीचे व शकुंतलेचे गाल पुढे दिनदर्शिकांवर आले, साबणाच्या वेष्टनांवर आले, आणि आता तर भ्रमणध्वनीतच अशी सोय असते, की फोटो काढतानाच गाल आपोआप गुळगुळीत होतात.

आपल्या विवाहविषयक जाहिरातींनी तर वर्णाचा एक स्वतंत्र कोशच केला आहे. गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी अशा पायऱ्या. आणि सावळीपुढे लगेच "पण नाकीडोळी नीटस" अशी क्षमायाचना. कातडीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यास मेलॅनिन म्हणतात. ते निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत जवळजवळ सारखीच असते. त्या किती व कोणत्या जातीचे मेलॅनिन तयार करतात, यात काय तो फरक. प्रखर उन्हापासून शरीर स्वतःस घालीत असलेली ती सावली होय. ती पुसून टाकण्यासाठी १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' नावाचे मलम बाजारात आले व घरोघर गेले. २०२० साली त्याच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढून तेथे 'ग्लो' घालण्यात आला. शब्द बदलला, आरशासमोरची ओढ बदलली की नाही, हे पालकांनीच आपापल्या घरी पाहावे. एवढी सूचना मात्र अस्थानी होणार नाही, की गोरे करणाऱ्या काही स्वस्त मलमांत पारा किंवा स्टेरॉइड आढळते; पहिल्याने मूत्रपिंडांस अपाय होतो व दुसऱ्याने कातडी पातळ पडते.

पंढरीच्या विठोबास सावळा म्हणताना ज्यांचा कंठ प्रेमाने दाटून येतो, तेच सुनेच्या बाबतीत तो शब्द कुजबुजत उच्चारतात, ही मौज आहे. पवित्र शास्त्रातील गीतरत्नाची नायिका तर आपणच सांगते, की भावांनी द्राक्षमळे राखावयास लावले म्हणून उन्हाने माझा वर्ण काळवंडला. निरा आणि भीमेच्या पाण्यावरील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या मुलींस ते कोणी निराळे समजावून द्यावयास नको. आणि दुसऱ्यांस बोलण्याआधी आम्ही आमचेही सांगून टाकतो: आमच्या लहानपणी दर रविवारी साय व हळद यांचा लेप चेहऱ्यावर वाळेपर्यंत आम्ही निमूटपणे बसत होतो.

तेव्हा दुसऱ्या तासास आम्ही विषय बदलून दिला. "ज्या चेहऱ्यास लोक सुंदर म्हणत नाहीत, पण तुम्हांस जो पाहावासा वाटतो, तो लिनोवर कोरा."

लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचे तेल आटवून त्यात बुचाची पूड वगैरे मिसळून तागाच्या कापडावर ते थापतात. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन याने ते घरातील जमिनीवर अंथरण्यासाठी शोधून काढले. चित्रकारांनी ते पुढे उचलले, कारण लाकडास असतात तसे तंतू त्यात नसल्याने कोरणी कोणत्याही दिशेस सारखीच चालते. थंडीत ते कडक होते; कोरण्यापूर्वी दहा मिनिटे उन्हात ठेवावे, म्हणजे सुरी लोण्यात जावी तसे हत्यार जाते. बारामतीस उन्हाचा तोटा नाही. कोरण्या दोन पुरतात: एक इंग्रजी व्ही अक्षराच्या टोकाची, बारीक रेघांसाठी; दुसरी पन्हळीसारखी गोल, मोठा भाग काढण्यासाठी. मोकळा हात सदैव धारेच्या मागे असावा, पुढे कदापि नसावा. वळण घेताना मनगट न वळविता लिनोचा तुकडाच फिरवावा. ही दोन वाक्ये आम्ही फळ्यावर महिनाभर पुसली नाहीत, तरी दोघा मुलांनी बोटास पट्टी बांधून घेतलीच.

ठशावर सर्व काही उलटे असावे लागते. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढावे, तो कागद लिनोवर पालथा घालावा व पाठीमागून घोटावा. चित्र आपोआप उलटे उतरते आणि छापताना सुलटे होते. अक्षरांच्या बाबतीत विशेष जपावे. देवनागरीची शिरोरेषा उलटूनही रेषाच राहते, त्यामुळे चूक चटकन ध्यानात येत नाही. वेलांटी व मात्रा भलत्या बाजूस गेल्या म्हणजे कळते.

आता मुख्य नियम. जो भाग आपण कोरून काढतो तो कागदावर पांढरा राहतो. जो तसाच ठेवतो त्यास शाई लागते व तो काळा उमटतो. म्हणजे या कलेत उजेड पाडावयाचा तर काहीतरी काढून टाकावे लागते, आणि एकदा काढलेले परत बसविता येत नाही. हा नियम आम्ही कित्येक वर्षे शिकवीत आलो होतो. तो आम्हांस खरोखर समजावला तो एका मुलीने.

ही मुलगी इंदापूर तालुक्यातील, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावची. आमच्या वसतिगृहात राहते. तिने आपल्या थोरल्या बहिणीचा चेहरा निवडला व समोर तिचा एक फोटो ठेवला. पहिला छाप काढला तेव्हा चेहरा बराच काळा आला. आम्ही जाता जाता म्हणालो, "गाल फार काळे राहिलेत. जरा उजळ कर." तिने गाल कोरले. पुन्हा आम्ही म्हणालो, "अजून थोडे." तिने कपाळ कोरले, हनुवटी कोरली, नाकाची बाजू कोरली. चौथ्या छापात कागदावर एक पांढरा लंबगोल, दोन डोळे आणि नाकपुड्यांचे दोन ठिपके एवढेच उरले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "बाई, गोरी करायची म्हणजे कोरून टाकायची का?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. तिने तो छाप फोटोशेजारी ठेवला. दोन्हींत एकच मुख होते. मग हळूहळू कळले, की फोटो स्थळांस पाठविण्यासाठी काढलेला होता, आणि काढणाऱ्याने कोणी न सांगताच संगणकावर रंग उजळून दिला होता. त्या फोटोवरून एक मंडळी पाहावयास आली, पोहे खाऊन गेली, आणि दोन दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला, की फोटोतली मुलगी निराळी होती. त्यानंतर बहिणीने चार महिने डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढूनच शेतात काम केले.

त्या तासास आम्ही काही शिकविले नाही. पुढच्या तासास मात्र वर्गास केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीची लाकडी ठशांची चित्रे दाखविली. पहिल्या महायुद्धात तिचा धाकटा मुलगा पडला. त्यानंतर १९२२-२३ साली तिने युद्धावर सात चित्रे कोरली. त्यांतील विधवा व माता यांत गुळगुळीत गाल एकही नाही. मोठमोठे काळे भाग, आणि त्यांतून जेथे अगदी आवश्यक तेथेच कोरणीचा पांढरा ओरखडा. मुंबईस अंधेरीत राहून आयुष्याची अखेरची अनेक वर्षे लिनोवर कष्टकऱ्यांची चित्रे कोरणारे चित्तप्रसाद यांचेही काम दाखविले. आपल्या ताराबाई शिंदे यांचे नावही त्याच तासास निघाले. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली पुण्यात छापलेल्या 'स्त्रीपुरुष तुलना' या लहानशा पुस्तकात, जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, असे रोखठोक विचारले. एका मुलीने लगेच विचारले, की मुलाच्या जाहिरातीत रंग का लिहीत नाहीत. मुले या वेळी हसली नाहीत.

त्या मुलीने नवा तुकडा मागितला. या खेपेस फोटो नव्हता. रविवारी घरी जाऊन बहिणीस ओट्यावर बसवून चित्र काढून आणले होते. चेहरा तिने भरीवच ठेवला. डोळ्यांच्या कडा, नाकाची एक धार, ओठांची फट आणि उन्हाकडे पाहून पडलेल्या भुवयांमधील दोन आठ्या, एवढेच व्ही कोरणीने काढले. हनुवटीवर आजीकडून हौसेने गोंदवून घेतलेले तीन ठिपके होते. अंगावर ते हिरवे. ठशात टोचून काढल्यामुळे काळ्यावर पांढरे उमटले. चौकटीभोवती मात्र तिने जाहिरातीतील शब्द कोरले: गोरी, सडपातळ, घरंदाज, अनुरूप. हे शब्द घाईने तिने थेट लिनोवर सुलटे लिहिले. साहजिकच ते छापात उलटे आले. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. दुसरा तुकडा देऊ का, असे आम्ही विचारले, ती म्हणाली, "राहू द्या. ज्याला वाचायचं त्यानं आरसा आणावा."

छापण्याची रीत सोपी आहे. काचेवर थोडी शाई घेऊन रोलर फिरवीत राहावे. तिचा चरचर असा बारीक आवाज येऊ लागला म्हणजे ती सारखी पसरली असे समजावे. ठशावर पातळ थर द्यावा, जाड दिल्यास बारीक रेघा बुजतात. कागद हळूच ठेवून चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेपर्यंत घोटावे, एक कोपरा उचलून पाहावे, आणि पुरे वाटल्यास सावकाश सोलून काढावा. पहिला छाप बहुधा फिका येतो. चांगल्या छापांवर खाली क्रमांक घालण्याचा प्रघात आहे. बारा प्रतींतील तिसरी असेल तर ३/१२ असा. तिने बाराच काढल्या. एकही दुसरीसारखी हुबेहूब नव्हती; कोठे शाई कमी, कोठे कागद हललेला.

स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ते चित्र दाराजवळच लावले होते. आई व बहीण इंदापुराहून एस. टी. ने आल्या. आईने पाहिले, आणि पोरीस एवढेच म्हणाली, "काळी का केलीस?" बहीण जवळ गेली, मागे सरली, पुन्हा जवळ गेली. "माझं नाक एवढं मोठं आहे होय?" असे म्हणून तिने स्वतःचे नाक चाचपून पाहिले व दुसऱ्या क्रमांकाची प्रत मागून घेतली.

ठसा तेल पुसून आम्ही कपाटात ठेवला आहे. पुढील वर्गास पाहावयास मिळेल. गेल्या महिन्यात मुलीकडून कळले, की नव्या स्थळास फोटो पाठवावयाचा होता तेव्हा बहिणीने जुना फोटो दिला नाही. पाटाच्या काठी भर दुपारी धाकटीने भ्रमणध्वनीवर काढलेला दिला. आईस ते पसंत नव्हते. स्थळाकडून उत्तर अद्याप आलेले नाही.