शाब्दिक उदाहरणांचं पुस्तक निवडताना

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या आईवडिलांना आकडेमोडीची फारशी धास्ती नसते. पाढे पाठ होतात, हातच्याची वजाबाकी सरावाने बसते. घोडं अडतं ते शाब्दिक उदाहरणांपाशी. ४५६ भागिले १२ बिनचूक करणारं मूल ‘एका पेटीत १२ आंबे मावतात, तर ४५६ आंब्यांना किती पेट्या लागतील?’ हे वाचून विचारतं, “गुणायचं की भागायचं?” हे ऐकून पालक घाबरतात आणि दोन-तीन जाडजूड वर्कबुकं घेऊन येतात. मूल रोज पानं भरतं, बरोबरच्या खुणाही भरपूर मिळतात. पण धडा बदलला की पुन्हा तोच प्रश्न. यात मुलाचा दोष नसतो. पुष्कळदा पुस्तकच असं असतं, की उदाहरण वाचायची वेळच येत नाही.

हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावातल्या दुकानात उभ्याउभ्या पुस्तक मधूनच उघडा. वर ‘भागाकार : शाब्दिक उदाहरणे’ असा मथळा आणि खाली सगळीच्या सगळी उदाहरणं भागाकाराची असतील, तर मुलाला दोन आकडे हुडकून मोठ्याला लहानाने भागायचं, एवढंच काम उरतं. नवी क्रिया शिकताना अशी एकदोन पानं हवीतच. पण अख्खं पुस्तक तसं असेल, तर ते भागाकाराच्या सरावाचं पुस्तक आहे. शाब्दिक उदाहरणांसाठी ते घेऊ नका.

सरमिसळ का हवी, याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांना काही महिने एका प्रकारची उदाहरणं सलग दिली, बाकीच्या वर्गांना तीच उदाहरणं मिसळून. नंतर महिनाभराने न सांगता चाचणी घेतली, तेव्हा मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के गुण पडले, सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के. आपल्याकडे बालभारतीच्या वरच्या इयत्तांच्या गणितात प्रकरणाच्या आत ‘सरावसंच’ असतात आणि शेवटी ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो. घरी शिकवताना वेळ कमी पडला की हा संकीर्ण भागच आधी गाळला जातो. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. वेळ कमी असेल तर सरावसंचातली निम्मी उदाहरणं सोडा, संकीर्णमधलं एकही सोडू नका.

दुसरी गोष्ट पाहायची ती शब्दांच्या तक्त्याची. ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी, ‘जास्त’ आलं की मिळवा, असा तक्ता पहिल्याच पानावर छापलेलं पुस्तक सरळ परत ठेवा. ‘राजूकडे २४ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ९ने जास्त आहेत, तर मीनाकडे किती?’ तक्ता पाठ केलेलं मूल इथे ३३ लिहितं. उत्तर १५ आहे. चांगल्या पुस्तकात अशी उदाहरणं मुद्दाम असतात. ‘डब्यात काही लाडू होते, आजीने ५ ठेवले, आता १२ झाले’ यासारखी, सुरुवातीची संख्याच शोधायला लावणारीही असतात. काहींत नको असलेली माहिती घातलेली असते, काहींत हवी ती माहिती गाळलेली असते आणि मुलाने ‘हे सोडवता येणार नाही’ असं म्हणणं हेच बरोबर उत्तर असतं. अशी उदाहरणं पाहून बरेच पालक छपाईची चूक समजतात. खरं तर पुस्तक लिहिणाऱ्याने विचार केला असल्याची ती पावती असते.

फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९७९-८०च्या सुमारास प्राथमिकच्या ९७ मुलांना एक प्रश्न दिला गेला : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ७६ मुलांनी आकड्यांची काहीतरी क्रिया करून वय सांगितलं. त्यानंतर दोनतीन वर्षांत अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं गेलं, की एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, तर ११२८ सैनिकांना किती बस लागतील? साधारण ७० टक्के मुलांचा भागाकार अचूक होता. पण ३२ बस हे उत्तर जेमतेम २३ टक्के मुलांनी दिलं. कित्येकांनी ‘३१, बाकी १२’ असं लिहून ठेवलं. ही मुलं बुद्धीने कमी नव्हती. गणिताच्या पानावर अर्थ शोधायचा नसतो, हे त्यांना सवयीने शिकवलं गेलं होतं. घरी शिकवणाऱ्या पालकांच्या हातात ही सवय मुळातच लागू न देण्याची संधी आहे.

पुस्तक घेण्याआधी मूल नेमकं कुठे अडतं, ते मात्र पाहून घ्या. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅन न्यूमन यांनी १९७७मध्ये यासाठी पाच पायऱ्यांची पद्धत मांडली, ती घरी सहज करता येते. चुकलेलं उदाहरण पुन्हा मोठ्याने वाचायला सांगा. मग विचारा : काय शोधायचंय? कसं शोधशील? करून दाखव. उत्तर पूर्ण वाक्यात लिही. वाचनातच अडखळणाऱ्या मुलाला गणिताच्या नव्या पुस्तकाने काहीच फायदा होत नाही, त्याला गोष्टीची पुस्तकं द्या. ‘काय शोधायचंय’ हे सांगता येतं पण ‘कसं’ इथे थांबतं, अशा मुलासाठी शाब्दिक उदाहरणांचं वेगळं पुस्तक घ्यावं. आणि करून दाखवताना चुकणाऱ्याला पाढ्यांचा, भागाकाराचा साधा सराव पुरेसा आहे.

भाषेचाही प्रश्न इथेच येतो. घरात मराठी आणि अभ्यास इंग्रजीत, अशी पुष्कळ घरं आहेत. मूल ‘कसं’पाशी अडलंय की इंग्रजीपाशी, हे ओळखायला बालभारतीची पुस्तकं फार उपयोगी पडतात, कारण एकच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीतही निघतं आणि दोन्ही ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. दोन्ही शेजारी ठेवा. इंग्रजीत अडलेलं उदाहरण मराठीत झटकन सुटलं, तर तुमचा खर्च वाचला.

‘कसं’पाशी अडलेल्या मुलांसाठी मला सिंगापूरची पट्ट्यांची रीत मनापासून आवडते. तिथल्या शिक्षण खात्याने १९८०च्या दशकात ती प्राथमिकच्या पुस्तकांत आणली. ‘अनयाकडे ओमच्या तिप्पट पैसे आहेत. दोघांचे मिळून ४८० रुपये आहेत, तर अनयाकडे ओमपेक्षा किती जास्त?’ ओमसाठी एक पट्टी काढायची, अनयासाठी तेवढ्याच तीन. चार पट्ट्यांचे ४८०, एकीचे १२०, अनयाकडे दोन पट्ट्या जास्त म्हणजे २४० रुपये. तिसरी-चौथीतलं मूल ‘क्ष’ न मानता इथवर पोचतं, आणि सातवीत समीकरण समोर आलं की ही पट्टीच ‘क्ष’ आहे, हे त्याचं त्याला दिसतं. सिंगापूरच्या धर्तीवरची पुस्तकं भारतात मिळतात, पण घेताना आवृत्ती बघा. अमेरिकेसाठी काढलेल्या आवृत्तीत फूट, पौंड आणि गॅलन येतात. आपल्या मुलाला मीटर-किलोवाली हवी. शिवाय पानावर चित्र काढायला मोकळी जागा हवी. उदाहरणाखाली एकच टिंबांची ओळ असेल, तर पुस्तकाला फक्त उत्तर हवं आहे. उत्तरं शेवटी रीतीसकट दिलेली असावीत, म्हणजे ज्या आईबाबांचं गणित सुटून वीस वर्षं झाली त्यांनाही आधार मिळतो. त्यांच्यासाठी मंगला नारळीकर यांची ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ ही पुस्तकंही घरात असावीत.

‘पुढे काय?’ ही काळजी रास्त आहे. घरी शिकलेलं मूल चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून दहावी देऊ शकतं, किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसू शकतं. तिथवर पोचलेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी : बँकांच्या परीक्षांतलं काळ-काम-वेग, सीए फाउंडेशनमधलं व्याज, जेईईतली भौतिकशास्त्राची उदाहरणं, ही सगळी शाब्दिक उदाहरणंच आहेत. तिथे वर मथळा नसतो. तुम्ही नववीत असाल आणि हा पाया कच्चा वाटत असेल, तर लाजू नका. सहावी-सातवीचं पुस्तक काढा आणि त्यातली मिसळलेली उदाहरणं सोडवा. मुखपृष्ठावरची इयत्ता परीक्षेत कुणी विचारत नाही.

शाब्दिक उदाहरणं ही मुलांना छळायला काढलेली युक्ती नाही, हेही मुलांना सांगावं. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त भुंग्यांची, मोर-सापाची उदाहरणं श्लोकांत घातली. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. मुलांना घेऊन जा, जमलं तर.

रोज किती करायची? माझ्या मते तीन. एक सोपं, एक कालच्यासारखं, एक डोकं खाजवायला लावणारं; आणि आठवड्यातून एकदा मुलाने स्वतः उदाहरण रचून तुम्हाला घालायचं. ते सोडवताना त्यातली उणीव तुम्हाला सापडते, मुलालाही सापडते, आणि त्या वादातून जेवढं शिकून होतं तेवढं दहा पानांतून होत नाही. मूल थांबलं तर लगेच रीत सांगू नका. दोन मिनिटं गप्प बसणं पालकांना जड जातं, पण बसा.

तेव्हा नवं पुस्तक मागवण्याआधी घरात असलेलं आज उघडा. वेगवेगळ्या धड्यांतली सहा उदाहरणं एका कागदावर उतरवा, मथळे वगळा आणि मुलाला द्या. चार सुटली, तर नवीन पुस्तकावर पैसे घालवू नका. दोनच सुटली, तर मिसळलेल्या उदाहरणांचं एकच पुस्तक घ्या, आणि ते पूर्ण होईपर्यंत दुसरं आणू नका.