हुंडणावळ आणि बट्टा

सरकारी कोषागारात एकतीस वर्षे नोकरी करून, लोकांच्या बिलांतील एकेका रुपयाची विसंगती हुडकून काढण्यात ज्याची हयात गेली, अशा गृहस्थाने परदेशच्या बारा दिवसांच्या सहलीत केवळ पैसे बदलण्यापायी बारा हजार रुपये घालवावेत, ही गोष्ट चारचौघांत सांगण्याजोगी नाही, आणि म्हणून इतकी वर्षे ती मी आमच्या घराबाहेर जाऊ दिली नव्हती. परंतु गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे एक तरुण दांपत्य थायलंडला निघाले असता, ‘पैशांचे काय केलेत?’ या माझ्या प्रश्नावर ‘काका, ते विमानतळावरच घेऊ की!’ असे निश्चिंत उत्तर मिळाले, तेव्हा मौन सोडणे मला भाग पडले.

२०१८ सालच्या ऑक्टोबरात आम्ही उभयता प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट या तीन नगरांच्या यात्रेस गेलो होतो. रुपयाची प्रकृती त्या दिवसांत फारच तोळामासा झाली होती. डॉलर प्रथमच चौऱ्याहत्तर रुपयांच्या पार गेलेला, आणि युरो चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात रेंगाळत होता. युरो आज ना उद्या थोडा उतरेल या आशेने मी तीन आठवडे रोज सकाळी वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान उघडून, चाळीस पैशांची चढउतार पाहून कधी हर्षित तर कधी खिन्न होत होतो. ‘अहो, घेऊन टाका एकदाचे, आणि मोकळे व्हा,’ असे सौभाग्यवतींनी दोनदा बजावले. परंतु हिशेबाच्या बाबतीत गृहिणीचा सल्ला घेण्याची आम्हा खजिन्यातल्या माणसांची परंपरा नाही. असे करता करता प्रयाणाची रात्र येऊन ठेपली, आणि सहाशे युरो मला मुंबईच्या विमानतळावरील एका खिडकीवर, मध्यरात्रीच्या सुमारास, ब्याण्णव रुपये दराने घ्यावे लागले. बाजारात त्या दिवशी भाव चौऱ्याऐंशीचा होता. चाळीस पैशांसाठी जो तीन आठवडे ताटकळला, त्याने प्रत्येक युरोमागे आठ रुपये, म्हणजे एकूण चार हजार आठशे रुपये, निमूटपणे मोजले, आणि वर पावती नीट घडी घालून खिशात ठेवली!

येथे एका जुन्या शब्दाचे स्मरण करणे अवश्य आहे. पेशवाईत आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याकडे एक रुपया नव्हता, अनेक रुपये होते: पुण्याकडचा अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी, आणि असे कितीतरी. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफाच्या पेढीवर जावे लागे. तो नाणे पारखी, कसाला लावी, आणि बदलून देताना आपली कसर कापून घेई. ही कसर म्हणजे बट्टा. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सर्व मुलखासाठी एकच रुपया पाडला, तेव्हापासून हा व्यवहार हळूहळू लोपला, आणि भाषेत उरला तो केवळ नावाला किंवा कुळाला लागणारा बट्टा. परदेशी चलनाच्या खिडकीत बसलेला मनुष्य त्या सराफाचाच वंशज आहे, आणि त्याचे उपजीविकेचे साधनही तेच आहे, हे मी विसरलो होतो. दोन देशांच्या चलनांतील मूळ प्रमाण, ज्याला आपले जुने अर्थशास्त्रज्ञ हुंडणावळ म्हणत, ते जगाचा बाजार ठरवतो आणि त्यावर तुमचा-माझा काडीचाही इलाज चालत नाही. त्या प्रमाणावर बसणारा बट्टा मात्र खिडकीगणिक बदलतो, आणि तो कमीजास्त करणे पुष्कळ अंशी गिऱ्हाइकाच्या हाती असते. माझी सारी दक्षता मी पहिल्या गोष्टीवर खर्च केली होती.

प्रागमध्ये झाले ते याहून लज्जास्पद. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात असले तरी तेथील चलन युरो नसून कोरुना आहे, आणि त्या सुमारास एका युरोला पावणेसव्वीस कोरुनांच्या आसपास मिळत. जुन्या गावाच्या चौकात, नुकतीच दुरुस्ती होऊन पुन्हा स्वस्थानी बसलेले १४१० सालचे ते सुप्रसिद्ध खगोलीय घड्याळ पाहावयास आम्ही उभे होतो. तासाचे टोले पडले, झरोक्यांतून येशूच्या शिष्यांच्या मूर्ती एकामागून एक फिरून गेल्या, आणि त्या प्रसन्न मनःस्थितीत मी जवळच्याच एका दुकानापुढे जाऊन ठेपलो, ज्याच्या काचेवर हातभर अक्षरांत लिहिले होते की, येथे दस्तुरी शून्य टक्के. खाली ठळक अंकांत पंचवीस-काही असा दर होता. मी दोनशे युरो सरकवले. मोजून हाती आले तीन हजार चारशे कोरुना. पाच हजार एकशेच्या वर यावयास हवे होते. विचारणा करता दुकानातील तरुणाने अत्यंत सौजन्याने फलकाच्या तळाशी बोट दाखवले: तो ठळक दर मोठ्या रकमेच्या गिऱ्हाइकांसाठी होता, आणि माझ्यासारख्यांचा सतरा कोरुनांचा दर बारीक अक्षरांत त्याखाली होता. दस्तुरी शून्य होती, हेही अक्षरशः सत्य होते. मी पावतीवर सही करून चुकलो होतो. बाजारभावाने पावणेसहा हजार रुपयांचा फटका मला त्या एका मिनिटात बसला.

एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, हा प्रकार त्या देशाच्या सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. १ एप्रिल २०१९ पासून तेथे असा कायदा अमलात आला की, एक हजार युरोंपर्यंतचा असा व्यवहार गिऱ्हाइकाला तीन तासांच्या आत विनामूल्य रद्द करता येतो. त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते. माझ्या पश्चात सहा महिन्यांनी आलेल्या या कायद्याचा मला उपयोग नव्हता. पण त्या वाटेने जाणाऱ्याला आहे.

आता या अनुभवातून मला जे उमगले ते सांगतो. फलकावरील ‘खरेदी’ आणि ‘विक्री’ हे शब्द दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्ही युरो देऊन कोरुना घेता तेव्हा तुम्हाला लागू होतो तो त्याचा युरो-खरेदीचा दर, जो नेहमीच दोहोंत हलका असतो. दस्तुरी किती, शुल्क किती, दर काय, असे सुटे सुटे प्रश्न विचारूच नयेत, कारण एका रकान्यात सोडलेले दुसऱ्यात वसूल करण्याची कला या धंद्याइतकी क्वचितच कोठे विकसित झाली असेल. प्रश्न एकच विचारावा: ‘मी तुम्हाला इतके दिले, तर सर्व वजावट होऊन माझ्या हातात किती पडतील?’ तो आकडा कागदावर घ्यावा, आणि त्याच वेळचा बाजारभाव मोबाइलवर पाहून दोहोंतील अंतर शेकड्यात काढावे. तोच बट्टा. माझा मुंबईतला बट्टा साडेनऊ टक्के पडला, प्रागमधला चौतीस. ज्यांना या हिशेबाचा सराव करावयाचा असेल त्यांनी नेपाळचा विचार करावा. तेथे १९९३ पासून आपल्या शंभर रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हे प्रमाण कायम आहे, तेव्हा कोणी एकशे पन्नास हातावर ठेवले तर उरलेले दहा कोठे गेले हे शाळकरी मुलालाही समजेल.

खरेदी प्रयाणापूर्वी आठ-पंधरा दिवस, कामकाजाच्या दिवशी करावी. शनिवार-रविवारी जगाचा चलनबाजार बंद असतो, त्यामुळे दुकानदार आपल्या संरक्षणार्थ कसर वाढवून ठेवतो. आपली बँक आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले दोन विनिमयदार, अशा तीन ठिकाणी एकाच दिवशी भाव विचारावा, आणि एकाचा भाव दुसऱ्याला निःसंकोच सांगावा. भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणारे आपण लोक काचेच्या दालनात शिरताच उगाच खानदानी होतो. येथे घासाघीस चालते, हे मला साठी उलटल्यावर कळले. पारपत्र, तिकीट, आवश्यक तेथे प्रवेशपरवाना आणि पॅन कार्ड बरोबर न्यावे. रोखीने पैसे देऊन चलन घ्यावयाचे तर पन्नास हजार रुपयांच्या आतच घेता येते, त्यावर धनादेश किंवा बँकेमार्फत भरणा करावा लागतो. आणि बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंतच्याच नोटा मिळतात. वस्तू व सेवा कर लागतो, पण तो किरकोळ असतो: लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर अठरा टक्के, म्हणजे पुऱ्या लाखाला एकशे ऐंशी रुपये. माझ्या पावतीवर तो नव्व्याण्णव रुपये काही पैसे होता, आणि त्या रात्री मी हुज्जत घातली ती नेमकी त्या नव्व्याण्णव रुपयांवर!

नोटांपेक्षा आगाऊ भरणा केलेल्या प्रवासी कार्डाचा दर सहसा बरा पडतो, कारण नोटा आणणे, सांभाळणे, त्यांचा विमा उतरवणे हा सारा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी येतो. मात्र कार्डात युरो भरून कोरुना खर्चले की मधला बदल पुन्हा शुल्कपात्र होतो, हे आधी विचारून घ्यावे. नित्याच्या बँक-कार्डांवर परदेशी व्यवहारास पुष्कळ बँका साडेतीन टक्के आणि त्यावर कर आकारतात. तोही बट्टाच, पण चौतीस टक्क्यांपुढे तो सात्त्विक वाटतो. क्रेडिट कार्डाने यंत्रातून रोकड मात्र प्राण कंठाशी आल्याखेरीज काढू नये, व्याज त्याच दिवसापासून चालू होते.

व्हिएन्नात आणखी एक गंमत झाली. निवासाचे दोनशे चाळीस युरोंचे बिल भरताना यंत्राने प्रश्न केला की, युरोत देता की भारतीय रुपयांत? परमुलखात रुपयाचे नाव दिसताच मन भरून आले. ‘अगं, रुपयांतच देऊ, म्हणजे हिशेब कळेल,’ असे मी म्हणालो, आणि हिशेब कळला तो असा की, वीस हजार एकशे साठांच्या जागी एकवीस हजार सातशे सत्तर गेले. रुपयाचा पर्याय निवडला की दर ठरवण्याचा अधिकार त्या यंत्रामागील मंडळींकडे जातो; म्हणून दुकान असो, उपाहारगृह असो वा पैसे देणारे यंत्र, पर्याय नेहमी त्या देशाच्याच चलनाचा निवडावा. ‘बदल करून’ आणि ‘बदल न करता’ असे विचारले तर ‘न करता’.

त्या शेजारच्या मुलांना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. थायलंडमध्ये रुपये नेऊन बदलू नका, डॉलर न्या, तेही शंभराच्या कोऱ्या, न दुमडलेल्या, शाईचा डाग नसलेल्या नोटांचे. लहान नोटांना तेथे दर कमी मिळतो. आणि विमानतळावर बदलू नये हा माझा नियम बँकॉकपुरता थोडा शिथिल करावा. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरात, शहराकडे जाणाऱ्या रेल्वेपाशी, ज्या खिडक्या आहेत त्यांचा भाव वरच्या आगमनकक्षातील खिडक्यांहून पुष्कळ चांगला असतो. परतल्यावर उरलेले चलन दोन हजार डॉलरपर्यंत जवळ ठेवता येते, त्यावरचे एकशे ऐंशी दिवसांत परत करावे लागते. परंतु पुन्हा जाण्याचा संभव असल्यास थोडे विकूच नये, विकताना बट्टा दुसऱ्यांदा लागतो. नाणी तर कोणी घेतच नाही. ती तेथल्याच चहापाण्यात संपवावी.

मी परत आलो तेव्हा पाकिटात दोनशे कोरुनांची एक नोट राहिली होती. तिच्यावर कोमेनियस या थोर शिक्षणशास्त्रज्ञाची मुद्रा आहे. पुण्यातील तीन विनिमयदारांना ती दाखवली. एकाने उलटसुलट करून पाहिली, दुसऱ्याने ‘हे चलन आमच्याकडे चालत नाही, काका’ असे सांगितले, तिसऱ्याने हातातही घेतली नाही. शेवटी जुन्या सवयीने घरच्या रोजकीर्दीत तिची नोंद मी तसलमातीच्या सदराखाली केली. त्या नोंदीपुढील वसुलीचा रकाना अद्याप कोरा आहे.