बेताच्या किंमतीचा लॅपटॉप कसा निवडावा ?

शालान्त परीक्षा संपली, कीं पुष्कळ घरीं लॅपटॉपचा प्रश्न निघतो. मुलाचें मन चकचकीत यंत्राकडे धांवतें, तर पालकांची नजर किंमतीवर खिळते. परंतु 'केवढ्याचा ?' हें विचारण्यापूर्वीं 'कशासाठीं ?' हें आपण ठरविलें पाहिजे. निबंध लिहिणें, हिशेबाचे तक्ते मांडणें, पत्रव्यवहार करणें व इंटरनेटवर धडे पाहणें, हेंच विद्यार्थ्याचें आणि कचेरींतील लेखनिकाचें बहुतेक काम. त्यास खेळांसाठीं बनविलेलें महागडें यंत्र नको.

यंत्राचीं दोन अंगें प्रथम ओळखावीं. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, व साठवणूक म्हणजे फडताळ. फडताळ कितीही मोठें असलें, तरी ओटा अरुंद असल्यास काम रखडतें. सबब रॅम निदान 8 जीबी असावी. 16 जीबी मिळाल्यास उत्तम. कित्येक लॅपटॉपांत ती डाख देऊन पक्की जोडलेली असते व मागाहून वाढवितां येत नाहीं. म्हणून हें आधींच विचारून घ्यावें. साठवणुकीसाठीं फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कपेक्षां एसएसडी घ्यावी. तींत फिरणारा भाग नसल्यामुळें ती धक्का अधिक सोसते, व कामही झपाट्यानें होतें.

पडदा 1920 × 1080 बिंदूंचा असल्यास अक्षरें स्वच्छ दिसतात. कळफलकावर दुकानांतच एक परिच्छेद लिहून पाहावा. पुढें बोटें त्यावरच चालावयाचीं आहेत.

वापरलेला लॅपटॉप घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र सावधपणा हवा. विंडोज 10 ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपली. विंडोज 11 साठीं टीपीएम 2.0 लागतें, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो सामान्यतः आठव्या किंवा पुढील पिढीचा लागतो. ही चौकशी केल्यावांचून पैसे देऊं नयेत. बॅटरी किती वेळ टिकते, हेंही समक्ष पाहावें. या कसास न उतरणारें यंत्र घरीं असल्यास तें टाकून देण्याचें कारण नाहीं. त्यावर लिनक्सची एखादी हलकी, विनामूल्य आवृत्ति बहुधा चालते. लेखन व हिशेब यांसाठीं लिबरऑफिसही विनामूल्य मिळतें, आणि मराठी लिहिण्याचा इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स या दोहोंतही असतो.

बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. तो येथेंही लागू आहे. विद्यार्थ्यांनो, मित्राचें यंत्र पाहून हट्ट धरूं नका. तुमच्या हट्टाचे हप्ते महिनोगणती आईबापांच्या मिळकतींतून जातात. आणि पालकांनीं केवळ स्वस्त म्हणून अपुरें यंत्र गळ्यांत बांधून घेऊं नये. तें दोन वर्षांत बदलावें लागल्यास खर्च दुप्पट होतो. गरजेपुरतें, पण टिकाऊ यंत्र घ्यावें व तें जपून वापरावें. उत्तम निबंध महागड्या यंत्रानें होत नाहीं. तो अभ्यासानेंच होतो, असें आमचें सांगणें आहे.