लिहिते राहण्याची साधना

शाळेत असताना आम्ही हौसेने निबंध लिहीत होतो. संसारात पडल्यावर मात्र आमची लेखणी अर्ज आणि हिशेबापुरतीच उरली. 'सवड मिळाली की लिहू' असे म्हणता म्हणता वर्षे सरली. ही सबब किती दुबळी आहे, हे बेबीताई कांबळे यांच्या जीवनावरून उमगते.

फलटणला बेबीताई लहानसे किराणा दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील मजकूर त्या आवडीने वाचत. कामातून उसंत मिळाली की त्या वहीत लिहीत आणि घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून वही लपवून ठेवीत. सुमारे वीस वर्षे हे लेखन त्यांनी गुप्त ठेवले. १९८६ साली ते 'जिणं आमुचं' या नावाने ग्रंथरूपात आले. आपल्या माणसांनी सोसलेले पुढच्या पिढीला कळावे, हीच त्यांची प्रेरणा होती. फलटणजवळच्या निंबोरे गावी त्यांनी वंचित मुलांसाठी निवासी शाळाही काढली.

यावरून आम्ही एवढेच शिकलो की, प्रेरणेची वाट पाहत बसू नये. ती आपल्या घरातच असते. आजी-आजोबांनी पाहिलेला काळ लिहून ठेवला नाही, तर तो त्यांच्याबरोबरच जाईल. रात्री जेवणे उरकल्यावर पाव तास बसावे, एका वहीत एकच आठवण लिहावी, चुकलेला दिवस सोडून द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. धम्मात ज्याला अप्रमाद म्हणतात, तो याहून वेगळा नाही. आई-वडील लिहिताना दिसले, की मुलेही वही उघडतात.